शिवी देणारा आणि मैदान बांधणारा

एकमेकांना कधी न भेटलेली, एकमेकांची खरी नावेही ठाऊक नसलेली पाच माणसे संगणकाने क्षणार्धात एका संघात आणून बसवावीत, तशाच दुसऱ्या पाच जणांशी त्यांना अर्धा-पाऊण तास झुंजवावे, डाव अर्धवट टाकून उठण्याची मुभा ठेवू नये, एकाच्या चुकीचा दंड पाचांच्याही क्रमवारीतून वसूल करावा, आणि या सर्व वेळात परस्परांना वाटेल ते लिहून पाठविण्याची सोय मात्र प्रत्येकाच्या हाताशी ठेवावी, अशी व्यवस्था कोणी रचली, तर तीत कलह उपजेल हे सांगावयास मानसशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीने २००९ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेला ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ नेमका या रचनेचा आहे. आणि तो फुकट खेळता येत असल्यामुळे, शिवाय त्यात कौशल्याला खरोखरच मोठा वाव असल्यामुळे, २०१४ च्या आरंभी महिन्याकाठी सुमारे ६ कोटी ७० लाख माणसे तो खेळत होती. खेळ उत्तम, खेळणारे अगणित, आणि खेळताखेळता एकमेकांना घातलेल्या शिव्याही अगणित, हे चित्र बहुतेक सर्व सांघिक ऑनलाइन खेळांत थोड्याफार फरकाने दिसते. या शिव्यांचा जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम दुर्वर्तन कशाला म्हणावयाचे ते पाहिले पाहिजे. खेळाडू अशा माणसाला ‘टॉक्सिक’ म्हणतात आणि या एका विशेषणाखाली अनेक भिन्न अपराध गोळा करतात. नवख्या सहकाऱ्याला ‘नूब’ किंवा ‘बॉट’ म्हणून हिणविणे हा त्यांतला सौम्य प्रकार. आईबहिणीवरून, जातीवरून, धर्मावरून, वर्णावरून शिवीगाळ करणे हा त्याहून गंभीर. रागाच्या भरात मुद्दाम प्रतिपक्षाच्या हातून पुनःपुन्हा मरून आपल्याच संघाला हरविणे, किंवा डाव चालू असता एका जागी निश्चल उभे राहणे, हा असा प्रकार की ज्यात एक अक्षरही उच्चारलेले नसते. आणि ठार मारण्याच्या धमक्या, पाठलाग, कोणाच्या घरचा पत्ता चव्हाट्यावर मांडणे, हे प्रकार तर खेळाची हद्द ओलांडून थेट फौजदारी कायद्याच्या हद्दीत शिरतात.

या सर्वांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही येथेच नोंदविले पाहिजे. ‘हेलो ३’ या नेमबाजीच्या खेळात अमेरिकेतील दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. काही डाव त्यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेली साधी, निरुपद्रवी वाक्ये पुरुषाच्या आवाजात ऐकवीत खेळले, काही डाव तीच वाक्ये स्त्रीच्या आवाजात ऐकवीत खेळले, आणि काही डाव सर्वस्वी मौन पाळून खेळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार स्त्रीच्या आवाजाला मिळालेले अपमानकारक शेरे पुरुषाच्या आवाजाला किंवा मौनाला मिळालेल्या शेऱ्यांच्या सुमारे तिप्पट भरले. आपल्याकडे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ खेळणाऱ्या अनेक मुली माइक बंद ठेवूनच स्क्वाडमध्ये उतरतात, त्याचे कारण यावरून उमगावे. ज्या खेळात शत्रू कोणत्या घरात दिसला, कोणत्या दिशेने गोळी आली, हे तत्क्षणी साथीदारांना सांगता येणे हाच अर्धा खेळ असतो, तेथे मुकाट्याने खेळणे म्हणजे एक हात बांधून खेळणे होय. आणि हा हात ज्याचा काही अपराध नाही त्याने आपणहून बांधून घ्यावा, अशी आजची रीत आहे.

माणसे असे का वागतात, या प्रश्नाला सर्वांना पटणारे एक उत्तर तयार असते: जगात काही दुष्ट माणसे असतात, पडद्याआड तोंड लपविण्याची सोय झाली की ती मोकाट सुटतात, आणि त्यांना हुडकून हाकलून दिले की बाकीचे सज्जन सुखाने खेळतील. या उत्तरात सत्याचा अंश आहे. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात, ऑनलाइन वावरताना माणसाचा संकोच का गळून पडतो, याची मीमांसा केली. आपले नाव झाकलेले असते, आपला चेहरा कोणाला दिसत नाही व दुसऱ्याचा आपल्याला दिसत नाही, समोरच्या व्यक्तीला आपण मनातल्या मनात कल्पनेने घडवितो, हे जग खरे नव्हेच असे वाटू लागते, आणि अधिकाराच्या खुणा नाहीशा झाल्यामुळे धाक उरत नाही, ही त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी काही होत. परंतु यांतले नुसते नावाचे कारण तेवढे उचलून त्यावर इलाज करू पाहणाऱ्यांना आलेला अनुभव बोधप्रद आहे. दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख पटवून घेण्याची सक्ती केली. पाच वर्षांनी, २०१२ च्या ऑगस्टमध्ये, तेथील घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरविला. त्यामुळे बेकायदा मजकुरात लक्षणीय घट झाल्याचे दिसून आले नाही, आणि अभिव्यक्तीच्या हक्काचा संकोच मात्र झाला, असे न्यायालयास आढळले. माणूस आपल्या नावानिशीही शिवी देऊ शकतो, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्या वाचकास निराळी सांगण्याची गरज नाही.

‘थोडे दुष्ट, बाकीचे सज्जन’ या समजुतीला खरा धक्का बसला तो खेळाच्या दफ्तरातून. २०१२ च्या सुमारास रायटने खेळाडूंच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान जाणणाऱ्यांचे एक पथक उभे केले; जेफ्री लिन हे त्यांतले प्रमुख संशोधक होत. प्रत्येक डावातले प्रत्येक वाक्य, प्रत्येक तक्रार, प्रत्येक हालचाल नोंदलेली असल्यामुळे, एरवी समाजशास्त्रज्ञाला स्वप्नातही न लाभणारा पुरावा त्यांच्यापुढे होता. तो तपासता असे दिसले की, नित्य दुर्वर्तन करणारे खेळाडू संख्येने अत्यल्प आहेत, हे तर खरेच. परंतु त्या सर्वांना एका दिवसात हाकलून दिले तरी दुर्वर्तनाचा फारच लहान हिस्सा कमी होईल. उरलेला, म्हणजे पाचांतील चार हिश्शांहूनही अधिक, भाग ज्यांच्या खाती जमा होता, ती माणसे एरवी शांतपणे खेळणारी, पुष्कळदा मनमिळाऊसुद्धा, अशी होती. कोणाचा दिवस कचेरीत वाईट गेला होता, कोणी सलग काही डाव हरला होता, कोणाला आधीच्या डावात कोणी शिवी दिली होती आणि ती त्याने पुढच्या डावातल्या अनोळखी माणसाच्या पदरात टाकली होती. दुर्वर्तन हे मूठभर माणसांचे दुखणे नसून एका डावातून दुसऱ्या डावात संक्रांत होणारी साथ आहे, असा या शोधाचा इत्यर्थ होय.

आणि साथीचे निदान एकदा झाले की उपाययोजनेची दिशाही बदलते. रोग्यांना शिक्षा करीत बसण्यापेक्षा पाणी कोठे दूषित होते ते पाहावे लागते. रायटने एक साधा बदल केला. प्रतिपक्षाशी संभाषण करण्याची सोय पूर्वी डाव सुरू होताच आपोआप चालू असे. ती त्यांनी आरंभी बंद ठेवली, आणि ज्याला हवी असेल त्याने आपण होऊन ती चालू करावी, अशी तजवीज केली. कोणाचा हक्क हिरावला नाही, कोणाला दंड केला नाही. केवळ एक कळ दाबण्याचा विलंब मध्ये घातला. कंपनीने नंतर जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे, दोन्ही पक्षांत होणारे संभाषण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले, पण त्यांतले कटू संभाषण सुमारे एक-तृतीयांशाने घटले, आणि स्नेहाचे संभाषण जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढले. दुसऱ्या एका प्रयोगात डाव सुरू होण्यापूर्वीच्या क्षणांत पडद्यावर छोटी सूचनावाक्ये झळकविण्यात आली. चूक केलेल्या साथीदाराला छळले तर तो पुढे अधिकच वाईट खेळतो, हे वाक्य लाल अक्षरांत दाखविल्यावर त्या डावांतली अपशब्दांची नोंद सुमारे शेकडा ११ ने कमी भरली. माणसे तीच, खेळ तोच, केवळ मांडणी थोडी बदलली, आणि बोलणे बदलले.

मांडणीचे हे सामर्थ्य याहूनही स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण ‘जर्नी’ या खेळाचे आहे. २०१२ साली प्लेस्टेशन ३ या यंत्रावर आलेल्या या खेळात दोन अनोळखी प्रवासी एका वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे निघालेले असतात. त्यांना एकमेकांचे नाव कळत नाही, शब्दाने बोलता येत नाही, केवळ एक सूर काढून साद घालता येते. खेळ तयार होत असताना त्याचे रचनाकार जेनोवा चेन यांची कल्पना अशी होती की, दोघांच्या देहांना एकमेकांचा स्पर्श जाणवावा, म्हणजे अवघड ठिकाणी एकाने दुसऱ्याला रेटून वर चढवावे. प्रत्यक्षात खेळून पाहणाऱ्यांनी त्या सोयीचा उपयोग साथीदाराला कड्यावरून ढकलून देण्यासाठी केला. खेळून पाहणारे दुष्ट होते म्हणून हे घडले, असे नव्हे. नव्या जगात पाऊल टाकणारा मनुष्य, लहान मुलाप्रमाणे, ज्या कृतीला सर्वांत ठळक प्रतिसाद मिळतो ती करून पाहतो, आणि दुसऱ्याचे कोसळणे हा त्या वाळवंटातला सर्वांत ठळक प्रतिसाद होता, अशी कारणमीमांसा चेन यांनी केली. मग त्यांनी धक्का लागण्याची सोयच काढून टाकली. आणि दोघे जवळ आले की एकमेकांच्या उपरण्यात तेज भरते व त्या तेजाच्या बळावर दोघांनाही उडता येते, असा नियम घातला. परिणाम असा झाला की, ज्या खेळात काल साथीदाराचा कडेलोट होत होता, त्याच खेळात दोन परकी माणसे थंडीत एकमेकांना बिलगून पर्वत चढू लागली.

यावरून कोणी म्हणेल की, हे अलीकडच्या शास्त्राचे शोध आहेत, पूर्वीच्या रचनाकारांना याची कल्पना असणे शक्य नव्हते. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९८६ साली लुकासफिल्म या संस्थेने कमोडोर ६४ या लहानशा संगणकावर दूरध्वनीच्या तारेने जोडलेले ‘हॅबिटॅट’ नावाचे एक आभासी नगर वसविले. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे प्रमुख रचनाकार. त्या नगरात शस्त्रे होती, दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावून घेता येत होती, आणि साहजिकच लवकरच चोऱ्या व खून होऊ लागले. खून हा खेळाचा भाग मानावा की गुन्हा, यावर रहिवाशांचे मत घेतले, तेव्हा मतांची जवळजवळ समसमान वाटणी झाली. खऱ्या आयुष्यात धर्मोपदेशक असलेल्या एका खेळाडूने ‘पवित्र अक्रोडाचा पंथ’ स्थापून आपल्या अनुयायांना शस्त्र न धरण्याची व चोरी न करण्याची दीक्षा दिली. रहिवाशांनी आपल्यातून एक शेरीफही निवडला. अखेर रचनाकारांनी नगराच्या हद्दीत शस्त्रे चालणार नाहीत, हद्दीबाहेरच्या रानात मात्र चालतील, असा तोडगा काढला. या छोट्या हकिकतीत पुढच्या चाळीस वर्षांचा सारा वाद बीजरूपाने आलेला आहे. खेळाडू आपली नीती आपण घडवू शकतात, धर्मही स्थापू शकतात, मुलकी अधिकारीही नेमू शकतात; परंतु शस्त्र कोठे चालावे आणि कोठे चालू नये, हे ठरविण्याची किल्ली केवळ नगर बांधणाऱ्याच्या हाती असते.

ही किल्ली खाली ठेवण्याचा प्रामाणिक प्रयत्नही एकदा झाला, आणि तो कसा फसला हे जाणून घेण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ नावाचे, केवळ शब्दांनी बनलेले एक जग १९९० च्या सुमारास उभारले. तेथे चित्रे नव्हती. मोठ्या वाड्याची वर्णने होती, आणि लोक आपापल्या पात्रांच्या नावे लिहून वावरत. व्यवस्था पाहणाऱ्यांना तेथे ‘विझर्ड’ म्हणजे जादूगार म्हणत. रहिवाशांची भांडणे मिटविताना कर्टिस यांची दमछाक होऊ लागली, तेव्हा १९९२ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केले की, यापुढे जादूगार केवळ तांत्रिक कामे पाहतील, सामाजिक निर्णय समाजाने घ्यावेत. अवघ्या काही महिन्यांनी, १९९३ च्या वसंतात, ‘मिस्टर बंगल’ नामक एका पात्राने वाड्याच्या भर दिवाणखान्यात एका आज्ञावलीचा वापर करून दुसऱ्या पात्रांच्या नावे अत्यंत किळसवाणी, लैंगिक अत्याचाराची वाक्ये उमटविली. ती वाक्ये सर्वांना दिसली, आणि ज्या स्त्रियांची ती पात्रे होती त्यांच्या हातून जणू ती कृत्ये घडत आहेत असे दाखविले गेले. पीडितांपैकी एकीने दुसऱ्या दिवशी त्या जगात निषेधाचे जाहीर निवेदन लिहिले, तेव्हा आपल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, असे तिने पुढे ज्युलियन डिबेल या पत्रकाराला सांगितले. त्याने ही हकिकत १९९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात छापली. रहिवाशांची सभा भरली. तीत पुष्कळ बोलणे झाले. बंगल स्वतः येऊन, हे सारे आपल्या खऱ्या आयुष्याशी संबंध नसलेले प्रकरण असल्याची कैफियत देऊन गेला. आणि निर्णय काहीच झाला नाही. सभा पांगल्यावर एका जादूगाराने स्वतःच्या जबाबदारीवर आज्ञा देऊन ते पात्र कायमचे नष्ट केले. काही काळाने तोच माणूस दुसऱ्या नावाने परत आला.

पुढे कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची रीतसर पद्धत घालून दिली, आणि बहुमताने ठरेल ते जादूगार अमलात आणतील असे मान्य केले. तीही टिकली नाही. १९९६ साली व्यवस्थापकांनी जाहीरपणे कबूल केले की, तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांची फारकत करता येत नाही, कारण ज्याच्या हाती यंत्र आहे त्याचा प्रत्येक तांत्रिक निर्णय कोणाच्या ना कोणाच्या सामाजिक जीवनावर परिणाम करतोच. ही कबुली मला या संपूर्ण विषयातली सर्वांत मोलाची वाटते. आज कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपन्या ‘आम्ही केवळ खेळ पुरवितो, माणसे कशी वागतात त्याला आम्ही काय करणार’ असा युक्तिवाद करतात, तेव्हा फुकट चालविलेल्या एका प्रायोगिक जगाच्या व्यवस्थापकांनी तीन दशकांपूर्वी तो अनुभवाने खोडून काढला होता, याची आठवण त्यांना करून दिली पाहिजे.

खेळाडूंनीच खेळाडूंचा न्याय करावा, हा विचार म्हणून सोडून द्यावा असे मात्र नव्हे. रायटने २०११ साली ‘ट्रायब्युनल’ नावाची पद्धत सुरू केली. ज्याच्याविरुद्ध पुष्कळ फिर्यादी जमल्या असतील त्याचे प्रकरण, त्या डावांतल्या संभाषणाच्या नकलांसह, अनुभवी खेळाडूंपुढे ठेवले जाई, आणि ‘दंड’ किंवा ‘माफी’ यांपैकी एक कौल ते देत. आपल्याकडे शिवकाळात व पेशवाईत गावचे तंटे गोतसभेपुढे येत, साक्षीपुरावे होत, आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर उपस्थितांची नावे व निशाण्या पडत. आपल्या बरोबरीच्या लोकांनी, पुरावा पाहून, कारणे नमूद करून दिलेला निर्णय माणसाच्या मनाला लागतो, ही जाण त्या पद्धतीत होती. आणि ट्रायब्युनलचा अनुभवही तेच सांगतो. नुसते ‘तुझे खाते इतके दिवस बंद’ एवढेच कळविले की दंडित खेळाडू अधिक चिडून परत येई; पण कोणत्या डावात त्याने कोणती वाक्ये लिहिली, ती त्याच्यापुढे ठेवली, की सुधारणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढे. ट्रायब्युनल २०१४ साली बंद पडले, कारण त्याचा कारभार संथ होता. २०१५ पासून यंत्राने संभाषण तपासून डाव संपल्यावर सुमारे १५ मिनिटांत शिक्षा कळविण्याची पद्धत आली, परंतु दंडित माणसाला त्याची स्वतःची वाक्ये दाखविण्याचा नियम तीतही कायम राहिला.

येथे खेळाडूच्या स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न येतो, आणि तो मी मांडणीच्या नावाखाली बाजूला सारू इच्छीत नाही. परिस्थितीने माणसाला चिथावले, हे सांगितल्याने त्याने उच्चारलेला शब्द दुसऱ्याचा होत नाही. त्याच डावात, त्याच पराभवात, तीच चिडचिड सोसून गप्प राहिलेले चार जण असतातच, आणि त्यांचे गप्प राहणे हाच शिवी देणाऱ्याविरुद्धचा पुरावा असतो. स्वतःची वाक्ये वाचून माणूस सुधारतो, याचाच अर्थ ती न लिहिणे त्याला शक्य होते. २०१२ च्या डिसेंबरात रायटने एका नामांकित व्यावसायिक खेळाडूला, वारंवार समज देऊनही त्याची शिवीगाळ थांबेना म्हणून, एक वर्षासाठी अधिकृत स्पर्धांतून बाद केले. स्पर्धा हीच त्याची उपजीविका होती. तो वर्षभर बाहेर राहिला, वागणे सुधारून परतला, आणि पुढे वर्षानुवर्षे नावाजलेल्या संघांकडून खेळला. कौशल्याची सबब दुर्वर्तनाला चालणार नाही, हा धडा त्या एका शिक्षेने हजारो तरुणांपर्यंत जितका पोहोचला, तितका शेकडो उपदेशांनी पोहोचला नसता.

पण जो दुसऱ्याला दंड करतो त्याचे घर स्वच्छ असावे लागते, आणि तसेही नेहमी असत नाही. खेळाडूंच्या वर्तनाचा एवढा सखोल अभ्यास करणाऱ्या याच रायट कंपनीवर तिच्या स्त्री-कर्मचाऱ्यांनी लिंगभेदाचे व छळाचे गंभीर आरोप केले, आणि २०२१ च्या डिसेंबरात त्या दाव्याच्या तडजोडीपोटी १० कोटी डॉलर देण्याचे कंपनीने मान्य केले. या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदू शकल्या, यावरून कंपनीच्या सद्बुद्धीवर सर्व भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे हे कळते. कंपनीचे उत्पन्न खेळाडू किती वेळ खेळतो आणि किती खर्च करतो यांवर ठरते. दुर्वर्तनामुळे नवखे लोक खेळ सोडून जातात तोपर्यंत तिचे हित आणि खेळाडूचे हित एका दिशेने चालते, परंतु जेथे सर्वांत जास्त पैसे खर्च करणारा खेळाडूच सर्वांत जास्त शिव्या देणारा असेल, तेथे ही वाट दुभंगते. शिवाय या जगात कायदा करणे, त्याची अंमलबजावणी करणे आणि न्याय देणे ही तिन्ही कामे एकाच मालकाकडे एकवटलेली आहेत. २०२२ पासून ‘व्हॅलोरंट’ या खेळात रायटने खेळाडूंचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासण्याच्या दिशेने पावले टाकली. हेतू चांगला आहे, पण कोणाचे बोलणे, किती काळ, कोणाच्या ताब्यात राहील, हे विचारण्याचा अधिकार खेळाडूला नसेल तर औषधच दुसरे दुखणे होईल.

म्हणून राज्यसंस्थेची गरज पडते. २८ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात घडलेली घटना या दृष्टीने विसरता येण्यासारखी नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या खेळातल्या दीड डॉलरच्या पैजेवरून दोन तरुणांचे भांडण झाले. एकाने लॉस एंजेलिसमधल्या तिसऱ्या माणसाला सांगून प्रतिस्पर्ध्याच्या घरी पोलीस पाठविण्याचे ठरविले. प्रतिस्पर्ध्याने आपला जुना पत्ता देऊन त्यांना आव्हान दिले. तिसऱ्याने त्या पत्त्यावर खून व ओलिसांचा खोटा प्रसंग वर्णून पोलिसांना फोन केला. आणि दारात काय आहे हे पाहावयास आलेल्या, त्या खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या २८ वर्षांच्या गृहस्थाला पोलिसाची गोळी लागून तो मृत्यू पावला. फोन करणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. त्याला चिथविणाऱ्याला त्याहून पुष्कळ कमी. गोळी झाडणाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. शहराने मृताच्या कुटुंबाला ५० लाख डॉलर देण्याचे २०२३ साली मान्य केले. येथे चार हातांनी मिळून एक प्राण घेतला, आणि तरीही प्रत्येकाची जबाबदारी स्वतंत्र आणि संपूर्ण होती. जबाबदारी ही वाटून घेतली की कमी होणारी वस्तू नव्हे, हे तत्त्व त्या प्रकरणातून शिकावयाचे आहे.

आपल्या देशात कायद्याची साधने अगदीच नाहीत असे नाही. स्त्रीच्या विनयाचा शब्दाने वा हावभावाने अपमान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ प्रमाणे गुन्हा आहे, धमकी देणे कलम ३५१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो खेळात घडला म्हणून माफ होत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ संस्थांना तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच २४ तासांत देणे व ठरावीक मुदतीत तिचा निकाल लावणे बंधनकारक केले आहे. २०२५ साली झालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा मुख्य रोख मात्र पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर आहे. खेळाडूंनी एकमेकांशी कसे वागावे आणि मालकांनी त्याची काय काळजी घ्यावी, हा प्रश्न त्याच्या मध्यभागी नाही. आणि नियम असले तरी ते आपल्या मुलांपर्यंत पोहोचण्यात भाषेची भिंत आहे. इंग्रजी अपशब्दांच्या यादीवर बेतलेली यांत्रिक चाळणी रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी शिवी, किंवा वरवर साध्या दिसणाऱ्या आडनावाच्या उल्लेखातून केलेला जातीचा अपमान, ओळखीलच याची खात्री धरता येत नाही. नाशिकच्या किंवा नांदेडच्या मुलाला आपली तक्रार आपल्या भाषेत लिहिता आली पाहिजे, आणि ती वाचणारा माणूस ती भाषा जाणणारा असला पाहिजे, ही मागणी आपल्या सरकारने आणि आपल्या खेळाडूंनी कंपन्यांपुढे ठामपणे ठेवली पाहिजे.

पालकांचे आणि शिक्षकांचे कर्तव्यही यात आहे, पण ते मुलाच्या हातून मोबाइल काढून घेण्यापुरते नाही. मूल कोणता खेळ खेळते एवढे विचारून न थांबता, त्या खेळात कोण काय बोलतो हेही विचारावे. एखाद्या साथीदाराला शिव्या पडत असताना आपला मुलगा गप्प बसतो, हसतो, की ‘सोड ना, खेळ’ असे म्हणून त्याची बाजू घेतो, हे जाणून घ्यावे. साथीदाराचे असे एक वाक्य डावाचा सूर पालटू शकते, आणि ते म्हणण्याचे धैर्य शाळेत व घरातच येते.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य मला असे दिसते. शिवी देणारा तिच्याबद्दल पूर्णपणे दोषी आहे, आणि त्याला त्याची वाक्ये दाखवून, कारणे सांगून दंड झाला पाहिजे. पण ज्याअर्थी बहुतांश शिव्या साधी माणसे देतात, आणि त्या किती दिल्या जाव्यात हे डावाची रचना बऱ्याच अंशी ठरविते, त्याअर्थी रचनाकाराची जबाबदारी खेळाडूच्या मागून सुरू होत नाही, ती त्याच्या आधी सुरू होते. ज्याने नियम केले, ज्याच्याजवळ प्रत्येक शब्दाची नोंद आहे, एक कळ हलवून लाखोंचे बोलणे ज्याला बदलता येते, आणि त्या बोलण्याच्या गर्दीवर जो द्रव्य कमावतो, त्याला ‘माणसे अशीच असतात’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. कोणत्या रचनेने किती दुर्वर्तन घडते याचे आकडे त्याने दरसाल प्रसिद्ध करावेत, शिक्षेविरुद्ध अपिलाची वाट ठेवावी, दाद खेळाडूच्या भाषेत घ्यावी. आणि तो हे आपणहून करीत नसेल, तर त्याच्याकडून ते करवून घेणे हे राज्याचे काम आहे. अधिकार आणि जाबदेही यांची सांगड राजांना घालावी लागली, सरकारांना घालावी लागली. ज्यांच्या जगात आपली मुले दिवसाचे तास घालवितात त्या नव्या मुखत्यारांना तीतून सूट देण्याचे काहीही कारण नाही.